३१ मीटरवरची टरटर

२०२१च्या दिवाळीनंतर आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह रेडिओचा ३१ मीटर बँड ऐकू येईनासा झाला. रेडिओ ठणठणीत होता, गच्चीवर ताणलेली तार जागच्या जागी होती, स्टेशनं आपापल्या वेळेला लागत होती. पण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेही जा, वर एकच कोरडी टरटर. थंडीत पुण्यात संध्याकाळी हा बँड बहराला येतो. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, चीन, रोमानिया, आकाशवाणीच्या परदेशांसाठीच्या सेवा, कितीतरी गोष्टी तिथे हाताशी लागतात. आणि नेमके सहा-साडेसहा वाजले की टरटरीचा जोर वाढायचा, तो रात्री अकरापर्यंत उतरायचा नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे आणि शाळेत असल्यापासून शॉर्टवेव्ह ऐकते. आमच्यात याला डीएक्सिंग म्हणतात. दूरचं स्टेशन पकडायचं, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं ते लिहून स्टेशनला रिपोर्ट पाठवायचा, आणि त्यांच्याकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे रिपोर्टची पोच, यायची वाट पाहायची. रिपोर्टात सिनपो द्यावा लागतो. सिनपो म्हणजे पाच आकडे: सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, गोंगाट, आवाजाचं चढणं-उतरणं आणि एकंदर दर्जा. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. माझ्या वहीत ३१ मीटरला ४५४४४ हा आकडा कितीदा तरी सापडेल. दिवाळीनंतर मधला आकडा सगळीकडे १ झाला, आणि गोंगाटाला १ पडला की बाकीच्या चार आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

‘इंटरनेटवर सगळी स्टेशनं मिळतात, तिथे ऐका की,’ असं सांगणारे भेटतातच. मला ते पटत नाही. शॉर्टवेव्हवर ऐकणारा आणि बोलणारा यांच्या मध्ये कोणतीही कंपनी नसते, कोणाचं बिल नसतं, कोण काय ऐकतंय याची नोंद कोणी ठेवत नाही. वादळात टॉवर आडवे झाले तरी हजारो किलोमीटरवरचा आवाज येत राहतो. आणि ही स्टेशनं श्रोत्यांच्या जिवावर चालतात. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह जानेवारी २०१७मध्ये बंद झाली, बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण जानेवारी २०२०मध्ये थांबलं. ऐकणारे कमी झाले, हे कारण प्रत्येक वेळी पुढे केलं जातं. शहरातल्या घरांत गोंगाटामुळे ऐकूच येईना, मग रिपोर्ट कोण पाठवणार? त्यामुळे हा गोंगाट माझ्या एकटीच्या घरातली कटकट आहे, असं मी कधीच मानलं नाही. त्याचा माग काढायचा ठरवला.

असा माग काढताना सुरुवात आपल्याच घरापासून करायची. छोटा रेडिओ सेलवर चालू ठेवला, ९७०० किलोहर्ट्झच्या आसपास एका मोकळ्या जागी लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. फ्रिज गप्प, राउटर गप्प, सगळे चार्जर मेले. टरटर किंचित कमी झाली, थांबली नाही. म्हणजे ती बाहेरून येत होती आणि आमच्या तारांवरून घरात फिरत होती.

इमारतीत गोंगाट करणारी माणसं कमी आणि वस्तू जास्त असतात. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, लिफ्ट, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर. प्रत्येकाची सवय वेगळी. सोलरवाला फक्त उन्हात कुरकुरतो. लिफ्ट हलते तेवढ्यापुरतीच आवाज करते. चार्जरचा गोंगाट ठराविक अंतरावर उंचवटे करत जातो आणि तापत गेला की हळूहळू सरकतो. आमची टरटर यातल्या कशातच बसत नव्हती. ती सरकत नव्हती. दिवसा मंद, पण कधीच बंद नाही; लक्ष देऊन ऐकलं तर एका सेकंदात वीस-पंचवीस ठोके असावेत अशी एकसारखी. संध्याकाळी ती ठोक्यांची राहत नव्हती, सलग खरवडल्यासारखी होत होती.

उत्तर सापडलं ते कानांनी नाही, डोळ्यांनी. माझ्या भाच्यानं मला एक एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, आणून दिला आहे. काडेपेटीएवढी ती डबी लॅपटॉपला जोडली की रेडिओचा सगळा पट्टा पडद्यावर रंगांत दिसतो. वेळ खाली खाली सरकत जाते आणि प्रत्येक स्टेशन एक उभी रेघ होऊन उमटतं. एका संध्याकाळी मी २ मेगाहर्ट्झपासून वर वर सरकत गेले. सगळीकडे पिवळट राख पसरलेली. आणि ७००० किलोहर्ट्झला ती राख एकदम थांबली. पट्टीनं रेघ मारावी तशी. ७३००ला पुन्हा सुरू. पुढे १०१०० ते १०१५० कोरा. १४००० ते १४३५० कोरा. १८०६८ ते १८१६८ कोरा. २१००० ते २१४५० कोरा.

रेडिओवाल्या कोणालाही हे आकडे झोपेत विचारा. हे हॅमचे, म्हणजे हौशी परवानाधारकांचे पट्टे आहेत. चार्जरला किंवा लिफ्टला हॅमचे पट्टे माहीत नसतात. जो गोंगाट इतक्या मोजूनमापून जागा सोडतो तो कोणीतरी मुद्दाम तसा बनवलेला असतो. तसं वागणारं एकच यंत्र घराघरांत मिळतं: विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारा पॉवरलाइन ॲडाप्टर.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राउटर हॉलमध्ये आहे, आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. अशा वेळी दोन प्लग मिळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये खोचायचा, दुसरा आतल्या खोलीत. मधली केबल म्हणून भिंतीतली विजेची तारच वापरली जाते. यातल्या बऱ्याच प्लगांमध्ये चालणाऱ्या होमप्लग एव्ही या पद्धतीत साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान शेकडो बारीक लहरी एकदम सोडल्या जातात, एकमेकींपासून जवळपास २४.४ किलोहर्ट्झ अंतरावर, आणि सगळा डेटा त्यांच्यावर वाटून दिला जातो. २ ते २८ मेगाहर्ट्झ म्हणजे जवळजवळ सगळी शॉर्टवेव्ह. डेटा जात नसला तरी त्यांच्यातला मुख्य प्लग दर दोन विद्युतचक्रांना एकदा हाळी देतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पंचवीस हाळ्या. माझ्या कानांना जे वीस-पंचवीस ठोके वाटत होते ते हेच.

तार तारच असते, मग टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट गेलं तेव्हा एवढा गोंधळ का झाला नाही? कारण त्या तारेत दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. एकातून जितकं जातं तितकंच दुसऱ्यातून उलटं येतं आणि बाहेर पडणारी लहर एकमेकांत विरते. घरच्या वायरिंगला असा तोल नसतो. फेज स्विचबोर्डापर्यंत एकटी जाते, तिथून दिव्याकडे वळते, न्यूट्रल भलत्याच वाटेनं परत येतो. मधे वेटोळी तयार होतात आणि तार अँटेनासारखी वागू लागते. ३१ मीटर लहरीचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेआठ मीटर. आमच्यासारख्या टूबीएचकेमध्ये भिंतीत एवढ्या लांबीची तार किती ठिकाणी असेल, मोजायलाच नको. विजेची तार ५० हर्ट्झसाठी ओढलेली असते. तिच्यात शॉर्टवेव्ह सोडली की ती शॉर्टवेव्ह प्रक्षेपित करणार, यात आश्चर्य काहीच नाही.

हे जगाला फार पूर्वी कळलेलं आहे. मँचेस्टरमध्ये १९९७च्या सुमारास नॉर्टेल आणि तिथल्या वीज कंपनीनं मिळून विजेच्या तारांवरून इंटरनेट द्यायचा प्रयोग केला. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब अँटेनासारखे वागू लागल्याची तक्रार झाली, आणि १९९९मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. अमेरिकेत ऑक्टोबर २००४मध्ये सरकारी नियामकानं, म्हणजे एफसीसीनं, खांबांवरच्या तारांतून इंटरनेट न्यायला नियम करून दिले. तिथल्या हॅमची संघटना, एआरआरएल, कोर्टात गेली. एप्रिल २००८मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं नियामकाला सुनावलं की ज्या अभ्यासांवर तुम्ही नियम बेतलेत त्यांतले भाग तुम्ही झाकून ठेवलेत, ते लोकांपुढे आणा. व्हर्जिनियातल्या मनॅसस शहरानं शहरभर अशी सेवा सुरू केली होती. २०१०मध्ये ती बंद केली. खांबांवरचं हे इंटरनेट जगात बहुतेक ठिकाणी मागे पडलं. घरातले प्लग मात्र राहिले.

आणि त्या प्लगांमध्ये हॅमच्या पट्ट्यांना खाचा, म्हणजे मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या जागा, आहेत त्या उगाच नाहीत. एआरआरएलनं बनवणाऱ्यांसोबत बसून, मोजमाप करून त्या मिळवल्या. त्याचा पुरावा माझ्या लॅपटॉपवर होता. भारतात हॅमना ७००० ते ७२००च आहे, पण खाच ७३००पर्यंत होती, कारण अमेरिकेत त्यांना ७३००पर्यंत आहे. कर्वेनगरच्या वायरिंगमध्ये अमेरिकेचा नकाशा उतरला होता! त्या नकाशामुळेच ७२०० ते ७३००मधली ४१ मीटरची काही स्टेशनं मला धड ऐकू येत होती. अमेरिकेतल्या हॅमचे त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण ३१, २५, १९, ४९ मीटर हे आम्हा श्रोत्यांचे पट्टे. त्यांच्यासाठी टेबलाशी बसायला आमची संघटना नव्हती, म्हणून तिथे खाचा नाहीत. युरोपात २०१३च्या मानकानं यात सुधारणा केली: हॅमचे पट्टे कायमचे सोडायचे, आणि प्रसारणाच्या पट्ट्यांत स्टेशन वाजत असेल तर प्लगानं स्वतः ओळखून तेवढी जागा रिकामी करायची. युरोपबाहेर विकलेल्या जुन्या प्लगाला हे बंधन कोण घालणार?

आता यंत्र कळलं, घर कळायचं होतं. आमच्या इमारतीला चार मजले, मजल्यावर चार दारं.

पुण्यात गुरुवार हा वीज जायचा वार. देखभालीसाठी महावितरण अधूनमधून गुरुवारी लाइन बंद ठेवतं आणि लोक वैतागतात. मी त्या गुरुवारची वाट पाहत होते. वीज गेल्याबरोबर टरटर पार नाहीशी झाली. टरटरच काय, सगळाच गोंगाट गेला, आणि दुपारची वेळ असूनही २५ मीटरवर मी अशी स्टेशनं ऐकली जी एरवी वहीत येतच नाहीत. यातून एक गोष्ट कळली. प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. आमच्याकडे मालक राहतात त्या बहुतेक घरांत राउटर आणि आजूबाजूचे सॉकेट इन्व्हर्टरवर घेतलेले असतात, भाड्याच्या घरांत सहसा इन्व्हर्टरच नसतो. वीज परत आली तेव्हा आधी लिफ्टचा खरखराट, मग चार्जरांचे उंचवटे, आणि थोड्या वेळानं, प्लग एकमेकांना ओळखून घेतात तेवढ्या वेळानं, पंचवीस ठोके.

सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, “ताई, तक्रार इंटरनेटची आहे की रेडिओची?” मी म्हटलं, तक्रार नाही, मीटर रूम उघडून हवी आहे. त्यांनी वायरमनला बोलवायची अट घातली, ती रास्तच होती. वायरमननं तारांवरच्या स्लीव्हचे रंग दाखवले, त्यांवरून कुठलं घर कुठल्या फेजवर ते कळतं. आमचं घर पिवळ्या फेजवर होतं आणि पिवळ्यावर इमारतीतली आणखी चार-पाच घरं. एका फेजवरच्या घरांत असा गोंगाट जास्त सहज शिरतो, दुसऱ्या फेजवर तो कमी होऊन पोहोचतो. मीटरांजवळ रेडिओ धरला तर सगळेच मीटर ओरडत होते, तिथे निवड करता येईना. पण यादी छोटी झाली.

मग जिना. टेकसन पीएल-३८० या माझ्या छोट्या रेडिओवर सिग्नलची पातळी आकड्यात दिसते. अँटेना पूर्ण आत ढकलली, म्हणजे लांबचं काही पकडायला नको, आणि संध्याकाळी साडेसातला प्रत्येक दाराबाहेर भिंतीपासून हातभर अंतरावर रेडिओ धरत गेले. वॉचमनदादा सोबत होते. सोबत कोणी असलेलं बरं. दाराशी कानाला काहीतरी लावून उभी असलेली बाई पाहिली की लोक बिचकतात. दुसऱ्या मजल्यावर आकडा जेमतेम हलला. तिसऱ्यावर जिन्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दाराशी तो इतका चढला की चार पावलं मागे आलं तरी उतरेना. ते घर पिवळ्या फेजवर होतं. भाड्याचं होतं. तिथे राहणारी मुलं अमेरिकेतल्या कंपनीचं काम करत होती आणि त्यांच्या मीटिंगा सुरू व्हायच्या त्या संध्याकाळी साडेसहाला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण याच टप्प्यावर चुकीचं दार ठोठावतात. परवानाधारकाला अडथळा झाला तर दूरसंचार खात्याची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. मी नुसती ऐकणारी. एकेकाळी रेडिओ ठेवायला पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागे. ते लायसन्स गेलं, बरंच झालं, पण त्याबरोबर श्रोता कागदावरूनही गेला. सोसायटीच्या उपविधीत पार्किंग आहे, कुत्री आहेत, गळती आहे, शॉर्टवेव्ह नाही. शेजाऱ्यानं बाजारात राजरोस मिळणारी वस्तू पैसे देऊन घेतली आहे. त्याच्याकडे जाताना आपल्या हातात कायदा नसतो, फक्त पुरावा आणि बोलायची रीत असते. म्हणून मी संध्याकाळी गेले नाही, त्याची मीटिंग चालू असते. रविवारी सकाळी गेले, आणि हातात रेडिओ घेऊन गेले.

दार त्यांच्यातल्या अकोल्याच्या एका मुलानं उघडलं. मी कोण, कुठल्या मजल्यावरची, हे सांगितलं आणि विचारलं, “तुझ्याकडे सॉकेटमध्ये लावायचा इंटरनेटचा प्लग आहे का रे?” तो चपापला. “आहे काकू. का? काही प्रॉब्लेम झाला का?” मी रेडिओ ९७००च्या आसपास लावून टीपॉयवर ठेवला. टरटर खोलीभर झाली. “आतल्या खोलीतला एक मिनिट काढतोस?” तो आत गेला. टरटर चालूच. “आता हॉलमधला.” त्यानं तो खेचला आणि आवाज कापल्यासारखा गेला. मागे मंद खरखर राहिली आणि तिच्यात कोणीतरी चिनी भाषेत बातम्या देत होतं. त्यानं प्लग परत लावला, परत काढला. स्वतःच तीन-चारदा केलं. त्याचा रूममेट ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि तोही उभा राहिला.

“पण हे सर्टिफाय केलेलं असतं ना काकू?” तो म्हणाला. असतं. म्हणूनच मी त्याला दोष दिला नाही आणि प्लग फेकून दे असंही म्हटलं नाही. त्याचं पोट त्या कॉलवर होतं. लॅपटॉप आणला, खाचा दाखवल्या. इथे मात्र त्याचे डोळे चमकले. सॉफ्टवेअरवाला मुलगा, त्याला ही भाषा कळली. “म्हणजे हॅमसाठी नॉच आहेत आणि तुमच्यासाठी नाहीत. ते तर फक्त फाइलमधलं एक टेबल असेल.”

त्यानं शोध घेतला आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. त्याच्या प्लगातल्या चिपची सेटिंगची फाइल बाहेर काढता येते, तीत प्रत्येक बारीक लहरीची पातळी लिहिलेली असते, ती बदलून फाइल परत घालता येते. त्यासाठी प्रोग्राम फुकट मिळतात. आम्ही हिशेब मांडला. ३१ मीटरचा पट्टा ५०० किलोहर्ट्झचा. लहरींचं अंतर २४.४. म्हणजे नऊशेवर लहरींपैकी वीस-एकवीस. ४९, २५ आणि १९ मीटर धरले तरी सगळ्या मिळून शंभराच्या आत. हा आकडा पाहून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दहातला एक हिस्सासुद्धा न सोडता आम्हा सगळ्यांची शॉर्टवेव्ह वाचली असती. यंत्र घडवतानाच टेबलात चार ओळी वाढवायच्या होत्या. कोणी मागितल्या नाहीत, म्हणून कोणी घातल्या नाहीत.

मुलानं त्या घातल्या. दोन्ही प्लगांना नवी फाइल दिली आणि संध्याकाळी मी माझ्या घरी पडद्यासमोर बसले, तो त्याच्या घरी फोनवर. “आता?” पिवळ्या राखेत ९४०० ते ९९०० असा काळा उभा पट्टा उघडला. मग ११६०० ते १२१००. मग वरचा. त्याच्या इंटरनेटच्या वेगात त्याला जाणवेल असा फरक पडला नाही. खाचेच्या तळाशी थोडी टरटर उरली होती, घरातल्या इतर वस्तूंमधून ती पुन्हा मिसळून येत असावी. पण सिनपोतला गोंगाट १वरून ३ झाला आणि मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी रोमानियाला रिपोर्ट लिहिला.

तरीही केबल टाकायचीच असं मी त्याच्या मागे लागले. ७३००च्या वरचा ४१ मीटर आणि १३ मेगाहर्ट्झच्या वरचा २२ मीटर अजून राखेतच होते, आणि उद्या त्यानं नवा प्लग घेतला की आमच्या खाचा गेल्या. त्याला मात्र पटलं ते मिक्सरमुळे. त्याचे कॉल संध्याकाळी अधूनमधून गोठायचे आणि दोष तो कंपनीच्या व्हीपीएनला देत होता. मी म्हटलं, गोठतील तेव्हा स्वयंपाकघरात काय चाललंय ते बघ. मिक्सरच्या मोटरच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट त्याच तारेवर येतो ज्यावर त्याचा डेटा असतो. रूममेटनं चटणी वाटायला घेतली आणि कॉल अडकला. जी तार माझं स्टेशन बुडवत होती तीच त्याची मीटिंगही बुडवत होती.

घरमालक भिंतीला भोक पाडू देईनात. इंटरनेटवाल्यांच्या मुलानं वाट काढली: हॉलच्या खिडकीतून डक्टमध्ये, डक्टमधून आतल्या खोलीच्या खिडकीत, साधी कॅट सिक्स केबल, आतले धागे पिळलेले. आत स्कर्टिंगला क्लिपा. केबलचे आणि कामाचे पैसे मी दिले. मुलगा घेईना, पण मी ऐकलं नाही. माझी गरज होती आणि तो काम सोडून माझ्यासाठी बसला होता. प्लग खोक्यात गेले. त्या संध्याकाळी पंचवीस ठोके पूर्ण थांबले.

इमारतीत आता चार्जर आहेत, एलईडी आहेत, सोलर आहे. त्यांच्याशी जमवून घेता येतं. गच्चीवरच्या तारेच्या खालच्या टोकाला मी गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या घातल्या, रेडिओ आणि त्याचा वीजपुरवठा वेगळे केले, आणि ३१ मीटरला ४५४४४ पुन्हा पडू लागला. टरटर चालू असताना हे सगळे उपाय करून पाहिले होते. फिरवायची लूप अँटेनाही बांधली होती. गोंगाट एका दिशेनं येत असेल तर लूप त्याला गाळते, पण तो चारही भिंतींतून येत असताना कुठली दिशा गाळणार? कोणी तुम्हाला नवी अँटेना घ्या म्हणून सांगितलं तर आधी मेन स्विच पाडून पाहा, मग मीटर रूम, मग जिना, मग पैसे.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी हा विषय ‘इतर’मध्ये घेतला. नव्या भाडेकरूंना द्यायच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: इंटरनेटसाठी केबल टाकायची असल्यास डक्ट वापरता येईल, सोसायटीला विचारावे. बंदी कशावरही नाही. वाट खुली असली की लोक प्लगाकडे सहसा वळत नाहीत, असं माझं मत आहे.

गेल्या महिन्यात पडद्यावर पुन्हा तीच राख दिसली, फिकट, ७३००च्या वर सुरू होणारी. या वेळी आमचा मेन पाडला तरी तसूभर हलली नाही, आणि आमच्या जिन्यात कुठेही आकडा चढला नाही. ती समोरच्या इमारतीतून येते. त्यांच्या सेक्रेटरींना फोन केला आहे. रविवारी सकाळी अकराला मी तिकडे जाणार आहे. रेडिओ आणि लॅपटॉप मी घेईन, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन अकोल्याचा मुलगा सोबत येतोय.